अर्ध्या फेरीचा दम

माझं वाद्य म्हणजे दोन लाकडं. वीतभर लांब, अंगठ्याहून जराशी जाड आणि टाचणी रुतणार नाही इतकी कठीण. एक डाव्या हाताच्या बोटांवर अलगद ठेवायचं, त्याखाली तळव्याची पोकळी धरायची आणि उजव्या हातातल्या दुसऱ्याने वर ठोका द्यायचा. मास्तर लेओन्सियोंच्या बँडमध्ये पियानो, चार ट्रंपेट, तीन सॅक्सोफोन, तिबुर्सियोचे उंच ढोल, असा सगळा थाट होता. त्यात सगळ्यात स्वस्त मी. तिबुर्सियो म्हणायचा, "आन्सेल्मो, उद्या बँड बुडाला तर मी माझे ढोल विकेन. तुझं वाद्य चुलीत घालू. निदान कॉफी तरी उकळेल."

तिबुर्सियो क्यूबाचा, मातान्सासच्या गोदीवर पोती उचलून मोठा झालेला. मी पोर्तो रिकोचा, मायाग्वेसचा. दोघांनाही न्यूयॉर्कला येऊन केस पिकायची वेळ झाली होती. माझ्या धाकट्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने हातात धरलं, तेव्हापासून तो माझा कोंपाद्रे आणि मी त्याचा. या नात्यात माणूस वाटेल ते बोलू शकतो, आणि तिबुर्सियो बोलायचाच.

लाकडांचं काम सांगायला सोपं आहे. तीन ठोके, मग दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. या पाच ठोक्यांची एक फेरी. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत फेरीमागून फेरी चालू राहते. ती थांबत नाही आणि उलटतही नाही. गाण्याची ओळ एकतर तीनच्या बाजूने उठते नाहीतर दोनच्या. ज्या बाजूने उठली, त्याच बाजूने तिने शेवटपर्यंत चालायचं. मध्येच ती दुसऱ्या बाजूवर पडली की आम्ही म्हणतो, गाणं आडवं गेलं. ऐकणाऱ्याला कदाचित काही कळणारही नाही. नाचणाऱ्याचा पाय मात्र अडखळतो, आणि तिबुर्सियोचा चेहरा असा होतो, जणू कुणी टोपी न काढता चर्चमध्ये शिरलं आहे.

लूशियस गॅडसनला बँडमध्ये मी आणलं. मी कोटांच्या कारखान्यात इस्त्रीवर होतो आणि तो तिथली लिफ्ट चालवायचा. काळा, उंच, सव्वीस वर्षांचा, बोलायला मऊ. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन ट्रंपेट वाजवायचा. एकदा इस्त्रीच्या वाफेतून मी वर गेलो आणि पाण्याच्या टाकीला टेकून ऐकत राहिलो. आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी घरोघरी जपमाळेची प्रार्थना गातात. ती सांगणारा मी, त्यामुळे कुठला स्वर विनवतो आहे आणि कुठला नुसता मिरवतो आहे, एवढं मला कळतं. हा विनवत होता. त्याच आठवड्यात त्याला मास्तरांसमोर उभा केला.

मास्तरांना तो आवडला. लढाई संपून दोन वर्षं झाली होती, हार्लेममधले वादक आमच्या तालमींना डोकावू लागले होते आणि आमचे त्यांच्या. लूशियसचे स्वर अशा वळणांनी जायचे की आमच्या ट्रंपेटवाल्यांनी माना वळवून बघावं. तिबुर्सियो मात्र पहिल्या दिवसापासून कुरकुरत होता. "छान वाजवतो. पण रस्ता न बघता चालतो."

तरी दोन महिने निभलं. मग लूशियसने स्वतःचं गाणं लिहून आणलं.

शनिवारची दुपार होती. एकशेदहाव्या रस्त्यावरच्या न्हाव्याच्या दुकानाखालच्या तळघरात आमची तालीम चालायची. वरून साबणाचा वास आणि कात्रीचा आवाज. लूशियसने कागद वाटले. प्रत्येकावर वर लिहिलं होतं, 'रविवार'. दुसऱ्या दिवशीच चार वाजताच्या नाचाला ते वाजवायचं, असं मास्तरांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

गाणं निघालं आणि माझ्या अंगावर काटा आला. तीनच्या बाजूने उठलं, अंगणात सावकाश पाऊल टाकावं तसं. आठ मात्रांची नीट ओळ. तिच्या शेवटी सगळा बँड गप्प. एक मोठा श्वास घेण्याएवढा थांबा. मग ट्रंपेट पुन्हा तीच ओळ उचलतो.

आणि तिथेच ते आडवं गेलं.

तिबुर्सियोने ढोलावरचे हात उचलले. "पुन्हा."

पुन्हा वाजवलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्याने हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच.

"कोंपाद्रे, त्या पोराला सांग की हे गाणं एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून चाललंय."

लूशियसला स्पॅनिश येत नव्हतं, तिबुर्सियोला इंग्रजी नव्हतं. दोघांमधला पूल मी. मी म्हणालो, "ते म्हणतात, गाणं सुंदर आहे, चालण्यात थोडा फरक वाटतो."

"कुठे?" लूशियसने विचारलं.

"त्या थांब्यानंतर. तुमची ओळ तीनवर उठते. थांबा आहे अर्ध्या फेरीचा. तो संपतो तेव्हा माझी लाकडं दोनवर आलेली असतात. तुम्ही मात्र जणू तीन आहे असं समजून उठता."

"मिस्टर आन्सेल्मो, मी चार मोजतो. चार संपतात, एक येतो, मी एकवर उठतो. कागदावर बरोबर आहे."

"कागदावर बरोबर आहे, असं म्हणतोय," मी तिबुर्सियोला सांगितलं.

"मग कागदाला नाचायला सांग."

हे मी कळवलं नाही. पण कुणीतरी हसलं आणि लूशियसचा चेहरा उतरला. मास्तर पियानोवरून म्हणाले, "सोपं आहे. तो थांबा काढून टाक."

लूशियस म्हणाला, "तो काढला तर गाणंच उरत नाही." पण शांतपणे म्हणाला, आणि म्हणूनच मला कळलं की तो हलणार नाही.

"मग आन्सेल्मो, तू लाकडं थांबव," मास्तर म्हणाले. "बँडबरोबर गप्प बस आणि तीनवर पुन्हा सुरू कर."

मी लाकडं मांडीवर ठेवली. वीस वर्षं बँडमध्ये असून मी मास्तरांना कधी नाही म्हटलं नव्हतं. म्हटलं, "मास्तर, मी थांबलो तरी ती फेरी थांबत नाही. लोकांच्या पायात ती चालूच असते."

तिबुर्सियो उठला. त्याने भिंतीवरच्या खुंटीवरची आपली टोपी काढली आणि वाजवायला उठून उभ्या असलेल्या लूशियसच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. गोदीवर असं करतात. ज्या माणसाला टोळीत परत घ्यायचं नसतं त्याच्या जागी टोपी ठेवतात आणि काही बोलत नाहीत. लूशियसला त्याचा अर्थ मला सांगावा लागला नाही.

मास्तरांनी दोघांकडे बघितलं. त्यांना दोघेही हवे होते, पण ढोलाशिवाय नाच होत नाही. ते म्हणाले, "उद्या तीन वाजेपर्यंत हे सरळ करून आण. नाहीतर आपण आपली नेहमीची गाणी वाजवू, आणि तू दुसरा बँड बघ. वाईट वाटून घेऊ नको."

वरच्या पायरीवर लूशियस ट्रंपेटची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. रस्त्यावर मुली दोरीच्या उड्या मारत होत्या. मी त्याच्या शेजारी टेकलो.

"एवढा काय आहे त्या थांब्यात?"

त्याने पेटीवर बोटं टेकवली. मग म्हणाला, "माझे वडील धर्मोपदेशक आहेत. रविवारी प्रवचनाला बोलत बोलत सुरुवात करतात, आणि मध्ये कधीतरी ते बोलणं गाणं होतं. कधी झालं ते कुणाला सांगता येत नाही. मग एखादी ओळ म्हणून ते थांबतात. रुमालाने तोंड पुसतात. पुन्हा तीच ओळ उचलतात. लहानपणी मी पहिल्या बाकावर बसायचो. त्या थांब्यात मला वाटायचं, आता छप्पर उघडणार. मला तेवढंच लिहायचं होतं. तो थांबा माझा नाही, मिस्टर आन्सेल्मो. मी कसा काढू?"

प्रवचन गातात, हे ऐकल्यावर मला राहवेना. खरं सांगायचं तर आमचे पाद्रीबाबा प्रवचन वाचून दाखवतात, आणि माझी बायको प्रोवी तेवढ्यात डुलकी काढून घेते. म्हटलं, "उद्या सकाळी मी येतो. आणि तिबुर्सियोलाही आणतो."

"ते येणार नाहीत."

"येईल. कसा आणायचा ते माझ्याकडे लागलं."

तिबुर्सियोला आणणं सोपं नव्हतं. त्याच्या खोलीत संत बार्बाराची मूर्ती होती, लाल कापडावर, पुढे सफरचंदं आणि पाण्याचा पेला. तीच त्याच्या आजीच्या मुलखात गडगडाटाचा देव आहे, असं तो सांगायचा, आणि त्यात त्याला कधी अडचण वाटली नाही. मी आमच्या चर्चमधली पहाटेची मिस्सा आटोपून त्याच्या दारात गेलो तेव्हा तो मूर्तीपुढचं पाणी बदलत होता.

"त्यांच्याकडे मूर्ती नाहीत," तो म्हणाला. "मेणबत्त्या नाहीत. ढोल नाही. देव येणार तरी कशाला?"

"तो आला नाही तर आपण परत येऊ."

"आणि मी जायचं कशासाठी? तो पोरगा चुकला, मी नाही."

"तू रोज म्हणतोस, रस्ता न बघता चालतो. कुठून चालत आलाय ते तरी बघ."

त्याने पेला जागेवर ठेवला. "जेवण असतं का तिथे?"

"असतं, म्हणाला."

"मग कोट घालतो."

एकशेतेहेतिसाव्या रस्त्यावर पूर्वी खुर्च्या-पलंग विकायचं दुकान होतं, तिथे ते चर्च. काचेवर अजून जुन्या दुकानाच्या नावाची अर्धी अक्षरं दिसत होती. आतली माणसं बहुतेक जॉर्जियाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरून आलेली, लूशियसच्या घरचीच म्हणावी अशी. बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, हातात कागदी पंखे. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. आमच्या शेजारी भिंतीला टेकून एक म्हातारी उभी होती, बारीक, ताठ, आणि तिच्या हातात केरसुणी काढून घेतलेला नुसता झाडूचा दांडा. तिबुर्सियो माझ्या कानात म्हणाला, "झाडायचं राहिलंय वाटतं."

लूशियसचे वडील उभे राहिले. रेव्हरंड गॅडसन, मुलासारखेच उंच, पण जाड आणि संथ. सुरुवातीला ते नुसते बोलत होते. आंधळ्याला दृष्टी मिळाली ती कथा. बोलता बोलता ते म्हणाले की तो आंधळा रस्त्याच्या कडेला बसून होता, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बसून होता." ते म्हणाले, पावलांचा आवाज ऐकत होता, आणि चारजण म्हणाले, "ऐकत होता." मग वाक्यांची टोकं सारखी होऊ लागली. प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच स्वरावर टेकायचा, आणि लोक तो स्वर उचलून परत द्यायचे. लूशियसने सांगितलं होतं ते खरं निघालं. बोलणं कधी गाणं झालं, ते मला कळलंच नाही. मी मान डोलावत होतो तेवढ्यात ते झालं होतं.

आणि तेवढ्यात माझ्या शेजारी जमिनीवर ठोका पडला.

त्या म्हातारीचा दांडा. टोक लाकडी जमिनीवर, सरळ, जोर न लावता. टक्, टक्, टक्. मग तिच्या आसपासच्या बायकांच्या दोन टाळ्या. पुन्हा दांडा तीन. पुन्हा टाळ्या दोन.

मी तिबुर्सियोकडे बघितलं नाही. मला भीती वाटत होती की मी बघितलं तर तो हसेल, किंवा हसणार नाही. माझी बोटं गुडघ्यावर आपोआप चालू लागली. ठोक्याठोक्याला माझी फेरी आणि तिची फेरी एकमेकींवर बसत होत्या, घडी घातलेल्या कापडासारख्या. मायाग्वेसपासून इतक्या लांब, खुर्च्यांच्या जुन्या दुकानात, ज्या बाईचं नाव मला ठाऊक नाही तिच्या हातात माझीच लाकडं होती.

पुढे रेव्हरंड म्हणाले, "आणि तो उठला," आणि थांबले. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं.

हाच तो थांबा. मी मोजलं. दांडा तीन, टाळ्या दोन. अख्खी फेरी. आणि नेमके तीनच्या बाजूच्या तोंडावर रेव्हरंड पुन्हा उठले, "आणि तो उठला." दुसऱ्यांदा थांबले तेव्हाही अख्खी फेरी. तिसऱ्यांदा त्यांचा रुमाल खाली पडला, तो त्यांनी वाकून उचलला, घाई केली नाही. तेव्हा दोन फेऱ्या गेल्या, पण अर्धी गेली नाही. ते थांबत होते, म्हातारी थांबत नव्हती. तिच्यावर भार टाकून ते दम घेत होते.

आता मी तिबुर्सियोकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो बोटांच्या पेरांनी पुढच्या बाकाची पाठ वाजवत होता, अगदी हलके. म्हातारीने तिरक्या नजरेने ते बघितलं. तिने दांडा तसूभर त्याच्या बाजूला सरकवला, एवढंच.

उपासनेनंतर तळघरात जेवण होतं. लाल भात, तळलेला मासा, भेंडीचा रस्सा. तिबुर्सियोने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "भेंडी माझ्या आजीच्या हातची आहे. इथे कशी आली?" मग वाडगं घेऊन तो सरळ त्या म्हातारीसमोर जाऊन बसला. ती लूशियसची आत्या निघाली. डुसी आत्या.

"त्यांना विचार, हा ठोका कुठून आणला."

मी विचारलं.

"आमच्या बेटावरून," आत्या म्हणाली. "माझा आजोबा दांडा मारायचा, त्याच्याआधी त्याची आई. मालकांनी ढोल बंद केले होते, ब्रदर. ढोलावरून निरोप जातात अशी त्यांना धास्ती. ढोल घेतले. झाडू कोण घेणार? झाडायला तर लागतोच."

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. तिबुर्सियो वाडग्यातला चमचा फिरवत बसला. मग म्हणाला, "सांग, आमच्याकडे ढोल राहिले. मी समजत होतो, ढोल राहिले म्हणून आमच्याकडेच सगळं राहिलं."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. आत्याने त्याच्या वाडग्यात आणखी भेंडी वाढली. "जेव, ब्रदर. कोट मोठा आहे तुला."

"काय म्हणाली?"

"कोट छान आहे म्हणाली."

लूशियस वडिलांशेजारी उभा होता, आमच्यापासून दूर, कारण त्याला वाटत होतं की तिबुर्सियो अजून रागावलेला आहे. मी त्याला बाजूला घेतलं.

"तुमच्या वडिलांचा थांबा किती फेऱ्यांचा?"

"अर्ध्या. चार मोजायचे. मी शंभरदा ऐकलाय."

"आज मी मोजला. पूर्ण फेरी आहे. तीन आणि दोन."

"नाही."

"आत्या दांडा मारते ते कधी ऐकलंत?"

"आत्या नेहमीच मारते."

"ते ऐकलंत का, विचारतोय."

तो जमिनीकडे बघू लागला. ओठ हलत होते, बहुतेक आठवून मोजत होता. इतक्यात रेव्हरंडच जवळ आले. मी त्यांना हात जोडल्यासारखं केलं, कारण प्रवचन अजून माझ्या अंगात होतं. लूशियसने त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही थांबता तेव्हा परत कधी उठायचं हे कसं ठरवता?"

"मी कुठे ठरवतो," ते म्हणाले. "डुसी ठरवते. ती मला परत दारापर्यंत आणून सोडते, मग मी आत जातो. अर्ध्या वाटेत उठलो तर जिभेला ठेच लागेल. एकदा लागली होती, सव्हानाला. अजून लोक सांगतात."

"मला वाटायचं तुम्ही एकटेच थांबता."

"तू अगदी पुढे बसायचास. माझ्या थुंकीच्या टप्प्यात." ते हसले. "तिथून तुला मीच ऐकू येणार. घाईत होतास तू लहानपणी. मी थांबलो की तुला वाटायचं, संपलं, आता जेवण."

त्यांनी कधी विचारलं नाही की हे कशासाठी. मुलगा नाचघरात वाजवतो हे त्यांना माहीत होतं आणि आवडत नव्हतं. जाताना एवढंच म्हणाले, "आणलेल्या पाहुण्यांना परत घेऊन ये."

सबवेत लूशियसने मांडीवर सगळ्यांचे कागद पसरले. खिशातली पेन्सिल काढली आणि प्रत्येक कागदावर थांब्याच्या जागी, चार मात्रांचे किती गट गप्प राहायचं तो आकडा 'एक' होता, तो 'दोन' केला. एवढीच दुरुस्ती. चौदा कागद, आणि गाडी हलत होती म्हणून काही आकडे वाकडे आले. तिबुर्सियो समोरच्या बाकावर बसून बघत होता. त्याने एकदाही विचारलं नाही की चाललंय काय.

तीन वाजता नाचाच्या हॉलमध्ये मास्तरांनी कागद बघितला. "थांबा काढ म्हटलं तर तू वाढवून आणलास?"

"हो, मास्तर."

"एवढा वेळ सगळा हॉल गप्प ठेवायचा?"

"गप्प नाही," मी म्हणालो. "मी आहे ना."

मास्तरांनी तिबुर्सियोकडे बघितलं. तिबुर्सियो ढोलाच्या दोऱ्या आवळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "नाचातच वाजवून बघू." पण त्याची टोपी लूशियसच्या खुर्चीवर होती. तालमीची खुर्ची तळघरातली, ही हॉलमधली, तरी टोपी त्याने हिच्यावरही आणून ठेवली होती. लूशियसने ती उचलली नाही. तो खुर्चीशेजारीच उभा राहिला.

चार वाजता हॉल भरला. रविवारची गर्दी, शिंपिणी, गोदीवाले, हार्लेमची पोरं, ब्राँक्सहून आलेल्या ज्यू मुली, ज्या आमच्या मुलींपेक्षा चांगल्या नाचायच्या. आधी नेहमीची सहा गाणी झाली. सातवं 'रविवार'.

ओळ उठली, तीनवर. आठ मात्रा सरल्या आणि बँड गप्प झाला.

त्या शांततेत माझी लाकडं एकटी उरली. वीस वर्षांत मी कधी एकटा वाजलो नव्हतो. माझा आवाज नेहमी बाकी सगळ्यांच्या खाली असतो, घराच्या पायासारखा, कुणी बघत नाही. आता तीन ठोके पडले आणि चारशे माणसं ते ऐकत होती. लूशियसने ट्रंपेट ओठाला लावला. मला त्याची छाती फुगलेली दिसली. इथेच अर्धी फेरी संपत होती, इथेच तो काल उठला होता, आणि जुनी सवय त्याला आताही वर ढकलत होती. मी डोळे मिटले. मनात म्हणालो, देवा, त्याच्या आत्याला एवढा वेळ उभी कर.

ट्रंपेट वाजला नाही. मी डोळे उघडले तर तो टाच जमिनीवर टेकवत होता. टक्. टक्. ते दोन ठोके माझे नव्हते, त्याच्या बुटाचे होते, माझ्या दोनवर नेमके बसलेले. आणि त्याच दोनवर खाली नाचणाऱ्यांपैकी कुणीतरी टाळी दिली, मग पाचजणांनी, कुणी न सांगता.

मग तो उठला. तीनवर.

पुढे काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी वाजवत होतो. एवढं आठवतं की प्रत्येक थांब्याला टाळ्या वाढत गेल्या, आणि चौथ्या थांब्यात तिबुर्सियोनेही ढोल सोडला आणि दोन टाळ्या दिल्या, सकाळच्या चर्चमधल्या बायकांसारख्या, हात तोंडासमोर धरून. लूशियसने ओळ धरली, मोडली, वर नेली, आमच्या कुणाला माहीत नसलेल्या गल्ल्यांतून फिरवली, पण दर वेळी दारापर्यंत येऊन आत गेला. नाचणाऱ्यांचा एकही पाय अडखळला नाही.

गाणं संपल्यावर मास्तर पियानोवरच बसून राहिले आणि पुढच्या गाण्याचा इशारा द्यायचं विसरले. लूशियस उभाच होता. तिबुर्सियो ढोलामागून उठला, दोन पावलं चालला, खुर्चीवरची टोपी घेतली आणि डोक्यावर घातली. मग माझ्याकडे वळला.

"कोंपाद्रे, त्याला सांग, खाली बस. उभ्याने वाजवून कुणी मोठा होत नाही. आणि सांग, मी रोज म्हणत होतो ते चुकीचं होतं. रस्ता त्याने बघितला नव्हता हे खरं. पण रस्ता त्याच्याच घरासमोरून जातो, हे मला माहीत नव्हतं."

मी सांगितलं. लूशियस खुर्चीवर बसला आणि माझ्याकडे संशयाने बघू लागला.

"हे ते खरंच म्हणाले का, मिस्टर आन्सेल्मो? की नेहमीसारखं तुम्ही गोड केलंत?"

"आज शब्दाला शब्द," मी म्हणालो.

"काय विचारतोय?" तिबुर्सियोने विचारलं.

"मी नीट सांगतो की नाही, विचारतोय."

"दोन महिने नीट सांगत नव्हतास?" तिबुर्सियोने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग तो कोट. आत्या खरं काय म्हणाली?"

मास्तरांनी तेवढ्यात हात उंचावला, आणि मी लाकडं उचलली.